नीलाबाईचा कोपरा आणि पडणारा खटका

५ डिसेंबर २०२४, गुरुवार. सिंदेवाही.
धुकं उशिरापर्यंत. समोरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मळणीयंत्र चालू, ओसरीभर कोंडा. सकाळी नीलाबाईकडचा खटका पुन्हा पडला; तिचे डबे उशिरा गेले. दुपारी वीज आपोआप नीट. हेमराज वायरमन येऊन गेला, दोष सापडला नाही. संध्याकाळी नीलाबाई सांगून गेली की महिना संपला की ती खोली सोडणार. जवसाची चटणी संपली.

त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. शाळेत सिस्टर आम्हाला रोजनिशी लिहायला लावत, तेव्हा त्यांचा नियम असा होता की आधी हवा लिहायची, मग घडलेलं, आणि स्वतःचं मत जमल्यास लिहायचंच नाही. ती सवय अजून आहे. पण नीलाबाईचं एवढ्यावर भागत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहून ठेवते.

नीलाबाई माझ्या परसातल्या दोन खोल्यांमध्ये राहते. पुढची झोपायची, मागची रांधायची. ती धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. अंगानं बारीक, चाल भराभर, कपाळावर आणि मनगटांवर हिरवं गोंदण. भाजी चिरताना गोंडीत काहीतरी पुटपुटत असते. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, भाजीशी बोलते, ती ऐकते तरी. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात ती सकाळचे डबे पुरवते. भात, वरण, एक भाजी आणि पाट्यावर वाटल्यासारखी ठसकेबाज चटणी. त्या चटणीमुळेच वसतिगृहाचं काम तिच्याकडे आलं आणि टिकलं. आधी ती खरोखर पाट्यावरच वाटे; पुढे खांदा दुखायला लागला तशी ती मिक्सरवर आली.

परसातलं हे स्वयंपाकघर माझ्या मुलानं, अजयनं, नव्यानं बांधून घेतलं होतं. तो नागपुरात इमारतींच्या वायरिंगचे नकाशे करतो. घरातल्या इतर दिव्यापंख्यांबाबत तो फारसं बोलला नाही, पण स्वयंपाकघर म्हटल्यावर हटून बसला. तिथे पाणी असतं, उष्णता असते, ओले हात असतात आणि घरातली सगळ्यात जास्त वीज ओढणारी यंत्रंही तिथेच असतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून मागच्या स्वयंपाकघराची तार मुख्य फळीपासून वेगळी आणि जाड. बाहेर ओसरीत तिची स्वतःची छोटी पेटी. जमिनीत कोळसा आणि मीठ भरून अर्थिंगचा खड्डा, त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे. पेटीत दोन खटके. ते समजावून सांगताना तो म्हणाला होता, आई, एक खटका तारेसाठी आहे आणि दुसरा माणसासाठी. तारेवर भार जास्त झाला, ती तापायला लागली की पहिला पडतो. वीज तारेतून परत न येता भलतीकडे, भिंतीत, जमिनीत किंवा कुणाच्या अंगातून जायला लागली, की दुसरा पडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या दुसऱ्याला आरसीसीबी म्हणतात. त्याच्यावर एक लहानसं बटण असतं, टी अक्षराचं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचं. खटका पडला तर तो जिवंत आहे, नाही पडला तर बदलायचा. सॉकेट ओट्याच्या वर, मोरीपासून लांब. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, असंही त्यानं सांगितलं. मी ऐकलं आणि बटण दाबायचा दिवस कॅलेंडरवर पेनानं खूण करून ठेवला.

नीलाबाई राहायला आली तेव्हा तिनं ओट्याकडे पाहिलं आणि त्यावर कांद्याचं पोतं नेऊन ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, हा स्वयंपाकासाठी आहे."

"उभ्यानं रांधायले मी काय लग्नातला आचारी हाय का, बाई?" असं म्हणून तिनं जमिनीवर पाट मांडला.

तेव्हापासून ती खालीच बसून रांधते. चूल खाली, गंज-गुंडी ही भांडी खाली, मिक्सरही खाली. फक्त सॉकेट वर. मिक्सरची वायर तिथवर पोचेना. मग तिनंच हेमराजला गाठलं आणि सॉकेट काढून खाली, जमिनीलगत लावून घेतलं. हेमराज मला विचारायला आला होता. मीही हो म्हटलं, कारण तिला रोज पन्नास वेळा उठबस करायला लावणं मलाही पटत नव्हतं. ते दोन वर्षं व्यवस्थित चाललं.

मागच्या वर्षी ती गावाला जाऊन आली आणि येताना एक लहानसं मडकं घेऊन आली. ते तिनं मागच्या खोलीतल्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं. तिच्या लोकांत घरातलं गेलेलं माणूस स्वयंपाकघरात राहतं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे सगळं करून तिच्या गेलेल्या नवऱ्याला, चैतूला, त्या मडक्यातून तिच्यासोबत पाठवलं होतं. त्या दिवसापासून त्या खोलीत परक्या माणसानं पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. मी घरमालकीण असले तरी परकीच. काही द्यायचं असलं तर मी उंबऱ्याशी उभी राहून देत असे. हेमराजही नंतर आला तो बाहेरची पेटी तपासून गेला.

आणि आणखी एक रीत. रानातलं किंवा वावरातलं त्या हंगामाचं कोणतंही नवं धान्य, नवं फळ, नवी शेंग, आधी त्या कोपऱ्याला दिल्याशिवाय ती तोंडात घालत नाही. डब्यातही घालत नाही. मुलींनी कितीही मागितलं तरी.

खटका पडायला लागला तो यंदा पावसाळ्यात. एका सकाळी नव्या मक्याची कणसं आली होती, त्या दिवशी. मग काकडीला. मग तिच्या भावानं नवी कोसरी, ते बारीक भरड धान्य, पाठवली, तेव्हा. खटका वर करावा तर लगेच पुन्हा खाली. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर, खांदा धरून बसलेली नीलाबाई, आणि मुली डब्याची वाट पाहत वर्गात उपाशी. दुपार झाली की सगळं आपोआप ठीक. हेमराज नेहमी दुपारीच येई, कारण सकाळी तो राइस मिलमध्ये असतो. येऊन पेटी उघडी, टेस्टर लावी, डोकं खाजवी आणि म्हणे, काकू, काहीच नाही.

एकदा तो सहज म्हणाला की हा खटका काढून तार डायरेक्ट करून देतो. गावात सगळे डायरेक्टच करून राह्यले. मी अजयला फोन केला. अजय एरवी शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्यानं मला हेमराजला फोन द्यायला लावला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. हेमराजनं फोन परत दिला आणि पेटी मुकाट्यानं बंद केली.

अशात वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी नीलाबाईला बोलावून सांगितलं की नव्या वर्षापासून त्या दुसरीकडून डबे घेतील. त्यांचंही चुकत नव्हतं.

पाच तारखेच्या संध्याकाळी ती ओसरीत येऊन बसली. मी जवस निवडत होते. तिनंही ताटातले मूठभर जवस पुढे ओढले आणि निवडायला लागली. अर्धं ताट निवडून झालं. मग ती म्हणाली, "बाई, मी खोली सोडून राह्यली."

डब्यांचं मला माहीत होतं. मी म्हटलं, डबे गेले तरी दुसरं काहीतरी मिळेल, शाळेत विचारते, तू घाई करू नकोस. तिनं मान हलवली.

"डब्याचं नाई. त्याले आवडत नाई."

"कुणाला?"

"चैतूले." जवसातला खडा तिनं दूर टाकला. "नवं काही केलं का खटका पाडते तो. बाकीच्या दिवशी पाडते का? नाई. त्याच्या पानावर वाढायच्या दिवशीच. तो म्हनून राह्यला का ह्या घरात करंट नको."

चैतू कसा गेला ते मला तुटक तुटक माहीत होतं. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा सलग सांगितलं. त्यांच्या गावात घरांमध्ये वीज यायच्या आधी रस्त्याकडेचे खांब आले होते. कुणीतरी रानडुकरांपासून धान वाचवायला त्या खांबावरून तार ओढून बांधीभोवती लावली. चैतू पहाटे पाणी पाहायला निघाला, तार दिसली नाही. ज्यानं लावली तो नात्यातलाच. तो रडला, पाया पडला, गाव बसलं, आणि नीलाबाईनं काही म्हटलं नाही. बोलून तरी काय उपयोग, असं तिनं मला विचारलं. तिचं एक वाक्य मी रोजनिशीतही लिहिलं नव्हतं, ते इथे लिहिते: "आमच्या गावात करंट पहिले वावरात आला, मंग घरात."

म्हणून ती आता भावाकडे परत जाणार होती. तिथे रांधायला अजून वीज लागत नाही, चूल आणि पाट्यावर भागतं. कोपरा तिथे नेणार होती. भावाच्या बायकोशी तिचं पटत नाही हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. जातेस खरी, पण डोकं कुठे टेकणार, असं मी म्हणाले. ती म्हणाली, डोकं टेकायले भाऊ हाय, बोलायले वहिनी हाय. हे म्हणताना थोडी हसलीसुद्धा.

मी तिला काय सांगणार होते? चैतू असं करत नाही, असं म्हणायला मी त्याला ओळखत नव्हते. आणि तो तिथे नाहीच, असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. माझे हे गेल्यावर त्यांची चष्म्याची डबी मी अजून त्यांच्या खुर्चीशेजारीच ठेवते.

मी तिच्या हातांकडे पाहत होते. जवस निवडताना तिच्या नखांच्या कडांत पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं. पीठ वाटलं, पण पीठ एवढा वेळ राहत नाही.

"हाताला काय लागलंय?"

"छुई." छुई म्हणजे इकडची पांढरी माती, भिंती पोतायची. "आज नवा तांदूळ होता नं. कोपरा सारवला."

"जमीन सारवलीस?"

"जमीन शेणानं. भिंत छुईनं. भिंत सोडली तं अर्धाच कोपरा होते."

"किती वरपर्यंत?"

तिनं बसल्या जागी हात उंचावून दाखवला. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत जेवढं अंतर, तेवढा पट्टा. मला ते सॉकेट आठवलं. दोन वर्षांपूर्वी लावलं तेव्हा मी पाहिलं होतं. जमिनीपासून वीतभर वर, आणि त्याच कोपऱ्याकडच्या भिंतीला.

मी म्हटलं, "नीलाबाई, सॉकेटवरूनही फिरवतेस का पोतेरं?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. बोर्ड आहे म्हणून मधे चौकोन काळा ठेवायचा का? त्यावरूनही फिरवते आणि मग ओल्या कापडानं पुसून घेते, असं तिनं सांगितलं. स्वच्छ करते, हे तिनं मुद्दाम जोडलं.

मी ताट बाजूला ठेवलं. मग तिला जेवढं मला समजलं होतं तेवढंच सांगितलं. ओली माती सॉकेटच्या भोकांतून आत जात असेल, वीज तिच्यातून भिंतीत उतरत असेल, आणि म्हणून तो माणसासाठीचा खटका पडत असेल. दुपारी माती सुकते, मग हेमराजला काही दिसत नाही. असेल म्हटलं, असेलच असं नाही म्हटलं. खात्री करायची तर हेमराजला एकदा आत येऊन पाहावं लागेल, आणि तेही सकाळी, कोपरा ओला असताना.

ती उठून उभी राहिली. "आत नाई येत कोनी."

"मला माहीत आहे. म्हणूनच विचारते आहे."

ती परसात निघून गेली. मला वाटलं, झालं. मी जवस भाजायला टाकले. ते फुटायला लागले तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. हातात चिमूटभर तांदूळ होते. तिच्याकडे काही विचारायचं असलं की अशा दाण्यांच्या जोड्या लावून पाहतात. सगळ्या जोड्या जुळल्या, एकही दाणा एकटा उरला नाही, तर होकार.

"जुळल्या," ती म्हणाली. "पन हेमराजले सांगा, तोंडातला खर्रा बाहेर थुकून ये. चैतूले खर्ऱ्याचा वास चालत नाई."

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूची ती घोटलेली पुडी. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या पुरुषांचं तोंड तिच्यामुळे दिवसभर बंद असतं. मी हेमराजला फोन केला. सकाळी राइस मिलला जायच्या आधी यायचं, अनवाणी आत जायचं आणि तोंड धुऊन. तो म्हणाला, काकू, वायरिंग पाहायची का सोयरीक? पण आला.

दुसऱ्या दिवशी नीलाबाईनं कोपरा पुन्हा सारवला. छुईचा ओला वास ओसरीपर्यंत आला. थोड्या वेळानं पेटीत टक्क असा आवाज झाला आणि खटका खाली आला. ती दारात उभी होती. तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

हेमराजनं आधी पेटीतून सगळी वीज बंद केली. मग उंबऱ्यावर पाय पुसले आणि आत गेला. नीलाबाईनं मला हातानं बोलावलं. मी पहिल्यांदाच त्या कोपऱ्याच्या एवढ्या जवळ गेले. पांढरी गुळगुळीत भिंत, खाली हिरवट शेणाचा गोल, त्यात ते मडकं, आणि मडक्यासमोर पळसाच्या पानावर भाताचा घास. एवढं निगुतीनं केलेलं देवघर माझ्याकडे नाही.

हेमराजनं पेचकसानं सॉकेटचे स्क्रू काढले आणि ते भिंतीपासून ओढलं. पाठीमागच्या डबीत माती साचली होती, थरावर थर, वाळलेल्या करड्या थरांवर सकाळचा ओला पांढरा थर. तारेच्या टोकांना ती चिकटली होती. एका तारेचं रबर काळं पडून उकललं होतं.

त्यानं एक थर नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाला की खाली लावलं तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं. ओलीपासून लांब लावायचं असतं हे त्याला माहीत होतं. मी म्हणाले की त्याला ‘हो’ तर मीच म्हटलं होतं. नीलाबाई म्हणाली, "आता तुमी दोघं पंचायत नका भरवू. काय हाय ते सांगा."

हेमराजनं सांगितलं. ओलीतून वीज जमिनीत उतरत होती. तेवढी उतरली की हा खटका पडतो, त्याचं कामच ते.

"म्हनजे त्यानं नाई पाडला."

"ओल होती, मावशी."

तिनं मडक्याकडे पाहिलं. "हा खटका नसता तं?"

"तं भिंतीतल्या करंटनं धरलं असतं. तुमी ओल्या हातानं, अनवाणी, तिथंच बसून राह्यता."

यानंतर तिनं जे विचारलं ते अगदी सरळ आवाजात विचारलं. "त्या तारेले होता का असा खटका?"

हेमराजला चैतूची हकिकत माहीत होती की नाही, मला सांगता येणार नाही. गावांत या गोष्टी कळतात. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"नाई, मावशी. ते सीधी खांबावरून घेते. तिले काहीच नसते."

"केवढा असते हा? दाखव."

तो तिला बाहेर पेटीपाशी घेऊन गेला. तिनं खटक्यावर बोट ठेवलं, त्याची रुंदी बोटांनी मापली. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. "इतकुसा," ती म्हणाली, आणि आत गेली. हेमराज आणि मी ओसरीत चहा घेत बसलो. त्यानं खिशातल्या पुडीला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

पुढचा प्रश्न जागेचा होता. मी फोन लावला. अजय म्हणाला, सॉकेट परत ओट्याच्या वर घ्या, जागा तीच बरोबर आहे. मी म्हटलं, ती ओट्यापाशी उभी राहत नाही. मग तिला सवय करायला सांग, तो म्हणाला. मी म्हटलं, साठीकडे झुकलेल्या बाईला मी उभं राहायची सवय लावणार नाही, तू तुझा नकाशा बसायला लाव. तो हसला. म्हणाला, आई, नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माणूस उभा असतो. मग त्यानं विचार केला आणि हेमराजशी बोलला.

ठरलं ते असं. कोपऱ्याकडची नाही आणि मोरीकडचीही नाही, तर दाराजवळची कोरडी भिंत. नीलाबाई बसली की तिच्या खांद्याच्या थोडं वर, हात न ताणता पोचेल असं. झाकण असलेली, पाणी आत न जाणारी पेटी. मिक्सरची वायर जमिनीवरून जायची नाही. जुन्या जागेची तार काढून टाकायची, भोक सिमेंटनं बुजवायचं, म्हणजे छुई कितीही फिरवली तरी भिंत म्हणजे भिंतच. काळं पडलेली तार संपूर्ण बदलायची, मधे जोड नको. मी विचारलं, सारवायला बंदी तर नाही ना? अजय म्हणाला, भिंतीत वीज नसली तर भिंतीचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं.

हेमराजनं दोन दिवसांत काम केलं. सकाळी येत असे, मिलला सांगून. खर्रा बाहेर जांभळाच्या झाडाखाली थुकायचा आणि चूळ भरून आत जायचा. दुसऱ्या दिवशी नीलाबाईनं त्याला न सांगता चूळ भरायला लोटा भरून ठेवला होता.

खोली सोडण्याबद्दल मी विचारलं नाही. तिनंही काढलं नाही. तिची ट्रंक खाटेखालून बाहेर काढलेली होती, ती तशीच होती. मिक्सर सुरळीत चालत होता, डबे वेळेवर जात होते, पण ते साधे दिवस होते. साध्या दिवशी आधीही काही होत नव्हतं. आम्ही दोघी नव्या काहीतरी गोष्टीची वाट पाहत होतो, आणि दोघींना ते माहीत होतं.

मग बाजारात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आल्या. नीलाबाई पिशवीभर घेऊन आली, मला दाखवल्या आणि काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी छुईचा वास आला. मी ओसरीत पेटीसमोर वेताचा मोढा टाकून बसले. हातात विणकाम होतं, पण टाके पडत नव्हते. तिचं सारवण झालं, पुसणं झालं, पानावर वाढणं झालं. मग मिक्सर सुरू झाला. चटणी वाटून झाली, दुसरं भांडं लागलं, तेही वाटून झालं. खटका जागचा हलला नाही.

डबे वेळेत गेले. ती परत आली तेव्हा मी विचारलं, वॉर्डनबाई काय म्हणाल्या? त्या म्हणाल्या होत्या की जानेवारीही तुझ्याकडेच राहू दे, मुलींनी पोपटाची उसळ दुसऱ्यांदा मागितली. हे सांगताना नीलाबाईला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा दिसला नाही. ती माझ्याजवळ, पेटीखाली, जमिनीवर बसली.

"आता पडत नाई," ती म्हणाली.

"नाही पडत."

"पडे तवा राग ये मले. पन वाटे, हाय. ऐकून राह्यला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता वाढलं तं चूपच."

मी विणकाम खाली ठेवलं, आणि कॅलेंडरवर त्या दिवशीची खूण आहे का ते पाहिलं. नव्हती, पुढच्या आठवड्यात होती. तरी मी पेटी उघडली आणि तिला ते बारकं बटण दाखवलं. अजयनं मला सांगितलं होतं ते तिला सांगितलं. महिन्यातून एकदा हे दाबून पाहायचं असतं, खटका शाबूत आहे का ते कळतं. आजवर मी दाबत आले, पण वीज तिच्या खोलीची आहे आणि रोज ओल्या हातानं तीच बसते, तेव्हा तिनं दाबलेलं बरं.

तिनं हात पदराला चांगले कोरडे केले. मग बटण दाबलं. टक्क झालं आणि खटका खाली आला. आतला दिवा गेला.

ती दचकली नाही. थोडा वेळ ऐकत असल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "हे नवं खायच्या दिवशीच दाबत जाईन. चालते का?"

महिन्यातून एकदा तरी व्हायला हवं, एवढंच बघ, असं मी म्हटलं. ती म्हणाली, रानात महिन्यातून एकदा काहीतरी नवं येतेच, मोह येते, चारोळी येते, तेंदू येते, आंबा येते. आणि एखाद्या महिन्यात नाहीच आलं तर? तर बाजारातून आणीन, ती म्हणाली, त्याले बोर आवडे.

तिनं खटका वर केला. आत दिवा लागला. ट्रंक खाटेखाली सरकवल्याचा आवाज मला ओसरीत ऐकू आला.

त्या संध्याकाळचं पान असं आहे:

थंडी वाढली. डबे वेळेवर. मागच्या खोलीचा खटका नीलाबाईनं बटण दाबून पाडला आणि परत लावला. तिनं पोपटाची उसळ वाटीभर दिली. मीठ किंचित कमी.